इंग्लंडमध्ये शेतावर ससे मारायची पर्मिशन कशी मिळवायची: अगदी पहिल्या पायरीपासून

इंग्लंड किंवा वेल्समध्ये राहणाऱ्या आणि एअर रायफलची आवड लागलेल्या आपल्या लोकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं. रायफल आहे, क्लबात जाऊन कागदावर नेम बसतोय, पण जायला शेत नाही. कायदा बघितला तर ससा इथे पिकाचं नुकसान करणारा प्राणी, त्याला बंदीचा मोसम नाही, उलट १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टखाली जवळजवळ सगळं इंग्लंड आणि वेल्स ससे हटवायचा भाग म्हणून जाहीर आहे, म्हणजे जमीन कसणाऱ्याने आपल्या जमिनीवरचे ससे आवरले पाहिजेत, मारणं जमत नसेल तर निदान कुंपण घालून शेजाऱ्याचं नुकसान थांबवलं पाहिजे अशी त्याच्यावर जबाबदारीच आहे. मग एवढं असून शेतकरी आपल्याला हो का म्हणत नाही? कारण तो आपल्याला ओळखत नाही, आणि अनोळखी माणूस बंदूक घेऊन आपल्या मेंढ्यांच्या आसपास फिरणार ह्याची काळजी त्याला सशांपेक्षा जास्त वाटते. ही काळजी मिटवणं आणि मग योग्य माणसाची योग्य कागदावर सही घेणं, बस, पर्मिशन म्हणजे एवढंच, बाकी सगळं ह्याच्या पोटात येतं.

आधी हद्द सांगून टाकतो. खालचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून साध्या एअर रायफललाही सर्टिफिकेट लागतं, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये एक ज्यूल ताकदीच्या वरची एअरगन असेल तरी लागतं. आणि भारतात हे काहीच लागू नाही, तिकडे रानातला ससा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, त्याला मारणं गुन्हा आहे, त्यामुळे गावाकडचा भाऊ किंवा मित्र हे वाचून "आपण पण करू" म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा. पिकाचं नुकसान झालं असेल तर वनखात्याकडे अर्ज आणि पंचनामा, तिकडे रस्ता तोच.

आधी स्वतःची तयारी

शेतकऱ्याच्या दारात जायच्या आधी आपलं घर नीट पाहिजे. एअर रायफल १२ फूट पाउंडच्या (सुटणाऱ्या गोळीच्या ताकदीचं माप) आत असेल तर इंग्लंड-वेल्समध्ये लायसन्स लागत नाही, त्याच्या वर गेली की ती सरळ फायरआर्म होते आणि पोलिसांचं सर्टिफिकेट नसेल तर मोठा गुन्हा. विकत घ्यायचं वय १८ पूर्ण. दुकानदाराने ती समोरासमोर द्यायला लागते, नुसती ऑर्डर करून कुरियरने दारात टाकलेली चालत नाही. सेकंडहँड घेताना पॉवर मोजून घ्या, जुन्या रायफलमध्ये कोणी स्प्रिंग बदलून ठेवलेली असते आणि ती १२ च्या वर मारत असते, आणि तेव्हा कायदा बघतो रायफल कोणाच्या हातात आहे ते. दुकानात क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) पाच मिनिटांत कळतं. घरात मुलं असतील तर रायफल कुलपात, कारण १८ खालच्या मुलाच्या हाती ती लागू नये म्हणून वाजवी काळजी घेणं मालकावर बंधनकारक आहे. आणि कोणाला पूर्वी तीन महिने किंवा जास्त शिक्षा झालेली असेल तर त्याने ह्या वाटेलाच जाऊ नये, ठरावीक काळ (तीन वर्षं किंवा जास्तीची शिक्षा असेल तर कायमची) एअरगनला हात लावायलाही बंदी असते.

मग नेम. इथे मी अजिबात सूट द्यायला तयार नाही. एअर रायफलने ससा मारायचा तो डोक्यात, डोळा आणि कानाच्या मधे, आणि ती जागा एका इंचापेक्षा फार मोठी नाही. त्यामुळे तुमचा नियम साधा ठेवा: ज्या अंतरावर तुमचे सगळेच्या सगळे पेलेट (एअर रायफलच्या बारीक गोळ्या) एका इंचाच्या गोलात बसतात तेच तुमचं अंतर, मग ते पंचवीस यार्ड असो नाहीतर पस्तीस, आणि हे बाकावर टेकून नाही तर गुडघ्यावर बसून, पालथं पडून, वाऱ्यात, थंडीत बोटं आखडलेली असताना. एवढं जमत नसेल तर अजून शेत मागू नका. जखमी होऊन बिळात गेलेला ससा तिथे तासन्‌तास तडफडतो, ते आपल्या हातून होऊ नये, आणि १९९६ चा रानटी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा क्रूरपणा सशाच्या बाबतीतही सहन करत नाही.

तिसरी गोष्ट इन्शुरन्स. बीएएससी म्हणजे ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्व्हेशन, तिची मेंबरशिप घेतली की त्याबरोबर पब्लिक लायबिलिटीचं कव्हर मिळतं. तुमच्या पेलेटने शेतकऱ्याच्या घोड्याला किंवा एखाद्या वाटसरूला इजा झाली तर पैसे कोण भरणार, हा प्रश्न त्याच्या मनात असतोच, तो तोंडाने विचारत नाही एवढंच. कार्ड खिशात ठेवा, विचारायच्या आधी दाखवा.

शेत शोधायचं कसं

सशांचं इथलं गणित विचित्र आहे. नॉर्मन लोकांनी मांस आणि कातडीसाठी आणले, नंतर सुटून सगळीकडे पसरले, १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिसचा रोग केंटमध्ये आला आणि दोनेक वर्षांत बहुतेक ससे संपवले, मग हळूहळू परत वाढले, १९९० नंतर रक्तस्रावाचा दुसरा रोग आला. ह्याचा परिणाम असा की आज एका गावात शेताच्या कडा पोखरलेल्या असतात आणि पलीकडच्या गावात औषधालाही ससा दिसत नाही. म्हणून आधी बघा, मग विचारा. मे-जूनच्या संध्याकाळी सूर्यास्ताच्या तासभर आधी फुटपाथवरून (इथे शेतांमधून जाणारी सार्वजनिक पायवाट) नुसतं चालत जा, रायफल घरी, दुर्बीण गळ्यात.

काय बघायचं ते सांगतो. झाडोऱ्याच्या हेजला लागून गहू किंवा जव पार जमिनीपर्यंत खाल्लेला असतो आणि बिळापासून जसजसं लांब जावं तसतसं पीक उंच होत जातं, हा उतार एकदा बघितला की परत विसरत नाही. कोवळ्या रोपाचा किंवा फांदीचा कापलेला शेंडा हातात घ्या, सशाने खाल्लं असेल तर काप तिरका आणि स्वच्छ, सुरीने मारल्यासारखा. हरणाने खाल्लं असेल तर टोक फाटलेलं, दोरे लोंबणारं, कारण हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, ते ओढून तोडतं. गोल सुक्या लेंड्या मोलच्या (जमिनीखाली बिळं करून माती वर टाकणारा छोटा प्राणी) मातीच्या ढिगाऱ्यावर टाकलेल्या, जमीन उकरल्याचे उथळ ओरखडे, कुंपणाच्या खालच्या तारेत अडकलेले राखाडी केस, बिळाच्या तोंडाशी ताजी माती. ह्यातलं दोन-तीन दिसलं की फोनमध्ये तारखेसकट फोटो काढा, नंतर फार उपयोगी पडतात.

एक काळजी. हेअर आणि ससा वेगळे. हेअर मोठा, लांब पायांचा, कानाची टोकं काळी, बीळ करत नाही, उघड्यावर खळग्यात बसतो (आपल्याकडे माळावर दिसतो तो ह्याच्याच कुळातला, बिळातला नाही). बऱ्याच शेतकऱ्यांना हेअर आपल्या शेतावर हवा असतो, त्यामुळे वेगळं सांगितल्याशिवाय त्याच्यावर रायफल रोखायची नाही.

सुरुवात मोठ्या गव्हाच्या फार्मपासून करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे बहुतेक वेळा आधीच कोणीतरी असतो, शॉटगनवाले असतात, एखादं सिंडिकेट (पैसे काढून शिकारीचा हक्क घेतलेला गट) असतं. नवख्या माणसासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे घोड्यांची पॅडॉक, घोडे चरायचं कुंपणातलं छोटं कुरण. सशाच्या बिळात घोड्याचा पाय गेला की पाय मोडतो आणि पाय मोडलेल्या घोड्याचं पुढे काय होतं ते मालकाला माहीत असतं, त्यामुळे ती बाई किंवा तो माणूस सशांना मनापासून वैतागलेला असतो, जागा छोटी असते, आणि शॉटगनच्या आवाजाने घोडे बिथरतात म्हणून शांत एअर रायफलच हवी असते. तसंच नर्सऱ्या, फळबागा, कॅम्पसाइट, गोल्फ कोर्स, गावचं क्रिकेट ग्राउंड. रेल्वेच्या बांधावर ससे भरपूर असतात पण तिकडे बघू पण नका.

आणि फेसबुकवर "मला पर्मिशन पाहिजे" अशी पोस्ट टाकून काही मिळत नाही. पैसे भरा, आम्ही शेत देतो असं म्हणणाऱ्यांना तर लांबच ठेवा, त्यातले काही असं शेत विकतात जे त्यांचं नसतंच, आणि मग बंदुकीसकट अतिक्रमण करताना पकडले जाता ते तुम्ही. खरी ओळख होते ती चाऱ्याच्या दुकानात, जनावरांच्या बाजारात, तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात, क्ले शूटिंगच्या मैदानावर, गावच्या पबमध्ये. तोंडओळखीचं एक वाक्य, "तो कोपऱ्यावरचा इंडियन मुलगा चांगला आहे, गेटं बंद करतो," हे शंभर पत्रकांपेक्षा भारी पडतं.

दारात जाऊन काय बोलायचं

वेळ आधी. मार्च-एप्रिलमध्ये कोकरं जन्माला येत असतात, शेतकरी रात्रभर जागा असतो, तेव्हा जाऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये कापणी चालू असते, तेव्हा तर नाहीच. जेवायची वेळ टाळा, अंधार पडल्यावर जाऊ नका. दुपारी तीन-चारच्या सुमाराला, पावसाचा दिवस असेल तर उत्तमच, तो कुठेतरी शेडमध्ये काहीतरी दुरुस्त करत सापडतो.

कॅमोफ्लाजचे कपडे नकोत, रायफल गाडीत पण नको, साधी पँट, स्वच्छ बूट. बूट स्वच्छ असण्याचं कारण आहे, २००१ साली खुरकुताच्या साथीत इथल्या कित्येक फार्मवरची सगळी जनावरं मारून जाळावी लागली होती, ज्यांनी ते बघितलंय ते दुसऱ्याच्या शेतातला चिखल घेऊन आलेला माणूस लगेच ओळखतात. गेट जसं होतं तसं ठेवा, उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. ट्रॅक्टर चालू असेल तर हात दाखवून लांब उभे राहा, तो थांबेल तेव्हा बोला.

बोलायचं थोडक्यात आणि त्याच्या नुकसानीपासून सुरू करायचं. साधारण असं: "नमस्कार, मी अमुक, त्या समोरच्या गावात राहतो. फुटपाथवरून जाताना तुमच्या खालच्या शेताच्या कडेला सशांनी जव बराच खाल्लेला दिसला, हे फोटो. मी एअर रायफलने ससे कमी करतो, इन्शुरन्स आहे, एकटा येतो, येताना-जाताना मेसेज करतो. तुम्हाला उपयोग होणार असेल तर हा माझा नंबर, विचार करून सांगा." आणि थांबायचं. उत्तर तिथल्या तिथे मागायचं नाही. नाही म्हणाला तर हसून धन्यवाद म्हणून निघायचं, कारण तोच माणूस सहा महिन्यांनी त्याच्या मेहुण्याला तुमचा नंबर देऊ शकतो.

आपल्यातले बरेच जण इथे बिचकतात, आपला रंग, आपलं इंग्लिश, दार उघडणारा काय म्हणेल. काही दारं थंड मिळतात हे खरं आहे, ते लपवत नाही. पण आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी शेती आहे आणि ती गोष्ट इथे लाख मोलाची आहे. वडिलांचा ऊस, कांद्याचा पडलेला भाव, रानडुकरांनी एका रात्रीत झोपवलेला मका, हे सांगा. शेतकरी कुठलाही असो, पाऊस आणि भाव ह्या दोन विषयांवर तो दहा मिनिटं उभा राहून बोलतोच, आणि त्या दहा मिनिटांत त्याला कळतं की समोरच्याला उभं पीक आणि तुडवलेलं पीक ह्यातला फरक समजतो. आपल्याकडे बांधावरून जायचं हे लहानपणापासून अंगात असतं, तेच इथेही करायचं, पिकात पाय घालायचा नाही.

सही नक्की कोणाची

इथे लोक सगळ्यात जास्त गाफील असतात म्हणून जरा सविस्तर. शेतावर तीन वेगवेगळे हक्क असू शकतात: जमिनीचा मालक, जमीन कसणारा (बऱ्याचदा कूळ), आणि शिकारीचा हक्क असलेला तिसराच कोणी, एखादी इस्टेट किंवा सिंडिकेट. तुमच्याशी बोलणारा ह्यातला कोण आहे ते सरळ विचारा, "जमीन तुमची की भाड्याची, आणि शूटिंगचे हक्क कोणाकडे आहेत?" ह्या प्रश्नाने कोणी रागावत नाही, उलट तुम्हाला विषय कळतो हे दिसतं.

मालक स्वतःच कसत असेल आणि शिकारीचे हक्कही त्याच्याकडेच असतील तर सोपं, तो त्याला वाटेल तेवढ्यांना परवानगी देऊ शकतो.

कूळ असेल तर १८८० चा ग्राउंड गेम ॲक्ट लागतो. जुना कायदा आहे पण अजून जिवंत आहे आणि कुळाच्या बाजूचा आहे. त्याने असं ठरवून दिलंय की जमीन कसणाऱ्याचा ससे आणि हेअर मारायचा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही, मालकाने करारात तसं लिहून घेतलं असेल तरी ते कलम रद्दबातल. त्या काळी जमीनदार शिकारीसाठी ससे राखायचे आणि कुळाने डोळ्यासमोर पीक जाताना बघत बसायचं, ते थांबवायला हा कायदा आला. पण ह्यात मेख अशी की ह्या हक्काखाली बंदूक वापरायची ती कसणाऱ्याने स्वतः आणि त्याने लेखी अधिकार दिलेल्या फक्त एका माणसाने. तो एक माणूस त्याच्या घरात राहणारा, त्याच्याकडे नोकरीला असलेला, किंवा मोबदला देऊन ह्या कामासाठी नेमलेला असावा लागतो. तुम्ही ह्यातल्या शेवटच्या प्रकारात बसता, म्हणून मारलेले ससे तुम्ही ठेवायचे हाच तुमचा मोबदला असं कागदात लिहून घ्या. आणि कुळाने आधीच गावातल्या कोणाला असा कागद दिला असेल तर तुमची जागा भरलेली आहे, तिथे जबरदस्ती नको, शिकारीच्या हक्कवाल्याकडूनही परवानगी मिळत असेल तरच पुढे जा.

शिकारीचा हक्क असलेला माणूस किंवा त्याचा गेमकीपर (शिकारीचे पशुपक्षी राखायला ठेवलेला माणूस) शेतात भेटला आणि त्याने कागद मागितला तर तो तिथल्या तिथे दाखवावा लागतो, नाहीतर कायद्याच्या दृष्टीने तुम्हाला अधिकार नाही. म्हणून कागद घरी फाइलमध्ये नाही, खिशात.

रात्रीचं वेगळं. सूर्यास्तानंतरचा पहिला तास संपल्यापासून सूर्योदयाच्या आधीचा शेवटचा तास सुरू होईपर्यंत रात्र धरतात. शिकारीचे हक्क दुसऱ्याकडे असतील तर रात्री मारायला त्या दुसऱ्याचीही लेखी संमती लागते. थर्मल स्कोप (अंधारात अंगाच्या उष्णतेवरून प्राणी दाखवणारी दुर्बीण) घेतला म्हणून आपोआप रात्रीची मुभा मिळत नाही. नवख्याने पहिलं वर्ष दिवसाउजेडीच काढावं.

कागदात काय असावं

तोंडी हो हे कायद्याने काही ठिकाणी चालेलही, पण त्यावर विसंबून राहू नका. एक पानाचा कागद स्वतः टाइप करून न्या, दोन प्रती, म्हणजे त्याने फक्त सही करायची. बीएएससीकडे तयार नमुने मिळतात. मजकूर साधा असतो: मी अमुक, अमुक फार्म कसणारा, अमुक पत्त्यावर राहणाऱ्या अमुक ह्यांना माझ्या जमिनीवर एअर रायफलने ससे मारण्याचा अधिकार देतो, मारलेले ससे त्यांनी मोबदला म्हणून ठेवावेत, जमिनीची हद्द सोबतच्या नकाशावर दाखवली आहे, मुदत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, मी कधीही ही परवानगी मागे घेऊ शकतो. खाली सही, तारीख, फोन नंबर. कबुतर किंवा कावळा घालायचा मोह होईल, पण पक्ष्यांचं प्रकरण वेगळं, त्यांच्यासाठी सरकारच्या जनरल लायसन्सच्या अटी वाचून पाळाव्या लागतात, ते आधी समजून घ्या.

नकाशा मात्र लावाच लावा. ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा प्रिंट करा आणि शेतकऱ्याच्याच हातात पेन देऊन हद्द काढून घ्या. तो काढता काढता बोलत जातो, हे शेत शेजाऱ्याचं, इथे बैल असतो, इकडून पोरं शाळेला जातात, ह्या घरातली म्हातारी आवाजाला घाबरते. ह्या गप्पांतून जे कळतं ते कुठल्याही कागदात मिळत नाही. ते सगळं त्याच नकाशावर लिहून घ्या.

पुढे कधी पॉइंट टू टू रिमफायर (काडतुसाची छोटी रायफल) घ्यायचं मनात असेल तर हाच कागद पोलिसांपुढे कामाला येतो. फायरआर्म सर्टिफिकेटसाठी बंदुकीचं सबळ कारण दाखवावं लागतं, आणि ते शक्यतो असंच असतं की ह्या ह्या शेतावर ससे मारायला मला लेखी परवानगी आहे. नवीन सर्टिफिकेटवर सहसा अशी अट असते की पोलिसांनी योग्य ठरवलेल्या जमिनीवरच ती रायफल वापरायची.

पहिल्यांदा जाताना

पहिल्यांदा जा ते रायफलशिवाय. हद्द पायी फिरा, फुटपाथ कुठून जातो, मागे मातीचा चढ कुठे आहे, घरं कुठल्या दिशेला. पेलेट हद्दीबाहेर गेला तर तो गुन्हाच, मग ससा लागो न लागो, आणि पलीकडच्या मालकाची संमती नसेल तर तुमचं वय काय ह्याने फरक पडत नाही. म्हणून सशाच्या मागे माती दिसत नसेल तर मारायचं नाही. दगड, कडक गोठलेली जमीन, पाण्याचा पृष्ठभाग ह्यावरून पेलेट उसळतो.

रस्त्यावरून आणि फुटपाथवरून जाताना रायफल रिकामी आणि कव्हरमध्ये. सार्वजनिक जागेत एअरगन योग्य कारणाशिवाय बाळगणं गुन्हा आहे, ती लोडेड नसली तरी, आणि फुटपाथ शेतातून जात असला तरी सार्वजनिक जागा आहे. तुमचं योग्य कारण म्हणजे खिशातला तो कागद. कोणी चालत आलं तर रायफल खाली, पेलेट काढलेला, हसून हॅलो. पोलिसांना कोणी फोन केलाच आणि ते आले तर रायफल जमिनीवर ठेवायची, हात दिसतील असे, शांतपणे ते सांगतील तसं करायचं, कागद मागितल्यावर द्यायचा. निघायच्या आधी १०१ वर (पोलिसांचा तातडीच्या नसलेल्या कामाचा नंबर) फोन करून आज अमुक शेतावर आहे असं काही जण कळवतात, आपल्या लोकांनी तर हे करावंच असं मला वाटतं, कारण संध्याकाळी हेजमागे बंदूक घेतलेला सावळा माणूस बघून कोणाच्या मनात काय येईल सांगता येत नाही.

वाऱ्याच्या तोंडावर बसा, हेजला पाठ लावून, आणि थांबा. पहिला ससा बाहेर आला की लगेच मारू नका, तो चरायला लागू दे, मान स्थिर होऊ दे. लागल्यावर लगेच दुसरा पेलेट भरा, पाय हलले तरी चालेल पण शंका असेल तर परत मारा. प्रत्येक ससा उचलायचा, शेतात एकही सोडायचा नाही. डोळे सुजून बंद झालेला, जागचा न हलणारा ससा दिसला तर तो मिक्सोमॅटोसिसचा, त्याला जवळून नीट मारून वेदनेतून सोडवा आणि तो खायला नको. बाकीच्यांचं पोट तिथेच बांधापासून लांब साफ करताना यकृत बघा, पांढरे ठिपके असतील तर तो पण नको. चांगला ससा खोबरं-कांद्याच्या वाटणात मंद आचेवर तास-दीड तास शिजवला की फार सुरेख होतो, फक्त पेलेटचा शिशाचा भाग आणि डोक्या-मानेकडचं मांस काढून टाका.

शेतकऱ्याला खरं सांगा की एकट्या रायफलने ससे संपत नाहीत. मादी महिन्याभरात पिल्लं देते, जानेवारीपासून उन्हाळा संपेपर्यंत हेच चालू असतं. खरा फरक पडतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, विणीचा जोर वाढायच्या आधी जेवढे कमी होतील तेवढे, आणि तेव्हा बिळात उपाशी राहणारी पिल्लंही फारशी मागे राहत नाहीत. थंडीत जायला कोणालाच नको असतं, म्हणूनच जानेवारीत येणारा माणूस शेतकऱ्याच्या लक्षात राहतो. ज्या पिकाला फारच त्रास आहे तिथे कुंपण सुचवा, ३१ मिलिमीटरची जाळी, ९० सेंटिमीटर उंच, आणि खालचे १५ सेंटिमीटर सशाच्या बाजूला जमिनीवर वाकवलेले. हे सांगितल्याने तुमची शिकार थोडी कमी होईल, पण त्याचं पीक वाचेल, आणि आपण त्यासाठीच गेलोय.

टिकवायची कशी

निघताना मेसेज, परतताना मेसेज, किती ससे मिळाले तो आकडा, कुठल्या शेतात. तार तुटलेली दिसली, मेंढी उताणी पडून उठता येत नसेल, पाण्याच्या टाकीचा नळ वाहत असेल, लगेच फोन. उताणी मेंढी तशीच राहिली तर काही तासांत मरते, तिला उलथून उभं करायला शिकून घ्या, एका मेंढीत तुमचं पुढचं वर्ष पक्कं होतं. साफ केलेले दोन ससे कधीमधी, नाताळला एक बाटली, दिवाळीला घरचा फराळ, चकली तर इथे सगळ्यांनाच आवडते.

मित्राला बरोबर नेऊ नका. परवानगी तुमच्या नावाची आहे, त्याला न्यायचं असेल तर आधी विचारा, आणि कुळाची जमीन असेल तर वर सांगितलं तसं एकाच्याच नावाचा हक्क आहे. मुलांचंही तसंच, चौदा वर्षांखालच्या मुलाने एअरगन वापरायची तर शेजारी २१ पूर्ण झालेला माणूस लागतो, चौदा ते सतरा वयाचा मुलगा खाजगी जमिनीवर कसणाऱ्याच्या परवानगीने वापरू शकतो, पण विकत घेऊ शकत नाही. मेलेल्या सशांचे फोटो सोशल मीडियावर टाकू नका, त्यात शेत ओळखू आलं तर शेतकऱ्यालाच फोन येतात आणि तो पुढच्या वेळी गेट उघडत नाही.

कागदाची मुदत संपायच्या महिनाभर आधी नवीन प्रत घेऊन स्वतः जा, मेसेजवर मागू नका. शेत विकलं, कूळ बदललं, म्हातारा वारला आणि मुलाकडे कारभार आला, तर जुना कागद गेला असंच समजा. मुलगा तुम्हाला चेहऱ्याने ओळखत असेल तरी त्याची वेगळी सही घ्या, आणि ती मिळेपर्यंत रायफल घरी कुलपात ठेवा.